पोखरणच्या रस्त्यावर खांदेश्वरचं आभाळ

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, करणी, बाहेरचं-बिहेरचं यातलं मला काही पटत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचतो, पण चहाबरोबर खारी खावी तसे... वेळ जातो म्हणून. अर्ध्या लोकांबद्दल मला वाटतं की ते झोपेत होते, आणि उरलेल्या अर्ध्यांबद्दल वाटतं की ते शुद्धीत नव्हते. माझ्या बाबतीत झालं ते भर दुपारी झालं, आणि त्या दिवशी मी चहापलीकडे काही प्यायलो नव्हतो. हसायचं असेल तर खुशाल हसा. मला आता कुणाशी वाद घालायचा कंटाळा आलाय.

थोडी माहिती द्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही खांदेश्वरला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, चौथा मजला. मूळचे साताऱ्याकडचे. महाप्याला शाई बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं शेड मॅचिंगला होतो. म्हणजे गिऱ्हाईक रंगाचा एक तुकडा पाठवणार, आणि मी नुसत्या डोळ्यांनी बघून हुबेहूब तो रंग बनवून देणार. मशीन नंतर आलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण रंगाच्या बाबतीत माझा डोळा सहसा फसत नाही. युनिट दुसऱ्या राज्यात हललं तेव्हा मी घरी बसलो आणि चित्रं काढायला लागलो. माझी बायको नीला, शाळेत चित्रकला शिकवायची. वर्षभराने तिनेही नोकरी सोडली. तेव्हापासून दर हिवाळ्यात व्हॅनमध्ये चित्रं भरायची आणि राजस्थान गाठायचं. उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, कधी तिथून खाली भुज. एका गावचा कलामेळा संपला की पॅकिंग, की पुढच्या गावचा. मधे सगळा वाळवंटाचा रस्ता.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे राव यांची! मजा होतीच, नाही म्हणत नाही. पण कंबरेचं काय होतं, स्टॉलचे पाइप बांधून बोटांचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही दोघं मिळून एकच चित्र काढायचो. जमीन माझी, आभाळ तिचं. जगातले सगळे लोक आभाळ आधी रंगवतात, कारण ते मागे असतं. आमचं उलटं. मी रस्त्याकडेला स्टूल टाकून जमीन, झाडं, बकऱ्या उरकायचो आणि वरचा अर्धा कॅनव्हास पांढरा सोडून तिच्याकडे सरकवायचो. ती तोवर गाडीच्या सावलीत बसून नुसती वर बघत असायची.

"अहो, जमीन कुठं पळून जात नाही," ती म्हणायची. "आभाळ दर पाच मिनिटांनी बदलतंय. तुमचं उरकू दे, मग मी ठरवते."

बाकीचे आर्टिस्ट आम्हाला हसायचे. हसू दे. तेरा हिवाळे हेच चाललं, आणि लोक आमच्या स्टॉलसमोर थांबायचे ते तिच्या आभाळासाठी. माझ्या बकऱ्यांसाठी कुणी थांबल्याचं आठवत नाही.

दीडेक वर्षापूर्वी, गणपती झाल्यावर, नीलाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. आणि बोलणं गेलं... म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. तीनच उरले. 'हां', 'नको' आणि 'अगंबाई'. त्यातला 'नको' सगळ्यात जास्त. फिजिओवाली मुलगी यायची, ती डाव्या हातात पेन्सिल द्यायची. नीला ती खाली टाकून द्यायची. मी ब्रश दिला, तोही टाकला. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा मी दिला नाही. तिचा रंगांचा डबा सुतळीने बांधून माळ्यावर टाकून दिला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात जे काय परत येईल ते येईल, त्यानंतर फार आशा धरू नका. वर्ष तर उलटूनही गेलं होतं.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. अंघोळ, गोळ्या, भरवणं, आणि दिवसभर तो 'नको'. गेल्या हिवाळ्यात कुठेच गेलो नव्हतो. या हिवाळ्यात म्हटलं, जाऊन येतो, घरात चार चित्रं पडलीत, स्टॉल आधीच बुक आहे... अशी सगळी कारणं सांगितली. खरं कारण एकच, मला त्या घरातून पळायचं होतं. कमळामावशी आमच्याकडे नीलाचं बघायला येतात, उलव्याच्या बाजूच्या जुन्या गावातल्या. त्या म्हणाल्या, "तुमी जा दादा, मी रातच्याला पन रानार. काय टेन्शन घेव नका." मी महिनाभर म्हणून सांगितलं आणि मनात दोन महिने ठरवले. जैसलमेर झालं की बिकानेर, मग भुज, मग बघू.

बरोबर नीलाचा धाकटा भाऊ संतोष आला. चाळिशीचा गडी, गाडी छान चालवतो, तोंड त्याहून जास्त चालवतो. चित्रकलेशी त्याचा संबंध एवढाच की त्याला चित्र सरळ आहे की उलटं तेवढं कळतं. हे लक्षात ठेवा.

जोधपूरचा मेळा अगदीच थंड गेला. घरी मी तीन चित्रांची आभाळं स्वतः रंगवली होती. निळा रंग होता तो, आभाळ नव्हतं. आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या एक बाई थांबल्या, बघितलं आणि विचारलं, "इस बार मॅडम नहीं आयी?" मी म्हटलं, तबियत ठीक नहीं. त्या काही न घेता पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेरला निघालो. देचू गाव सोडल्यावर, पोखरणच्या थोडं अलीकडे एक जागा दिसली. सरळ रस्ता, डावीकडे दोन खेजडीची झाडं, काट्यांचं कुंपण, त्यात बकऱ्या. संतोषला म्हटलं, थांबव. साडेदहा वाजले असतील. स्टूल टाकलं, दीड बाय दोन फुटांचा कॅनव्हास लावला आणि दोन तास काम केलं. वर्षभराने पहिल्यांदा हात मोकळा चालला. उठलो, कंबर सरळ केली आणि कॅनव्हास उजवीकडे सरकवला.

तिकडे कुणी नव्हतं. गाडीच्या सावलीत संतोष डबा उघडून शेंगदाणे खात होता.

मी वरचा अर्धा भाग पांढरा सोडला होता. सवयीने. वर आभाळ कसं होतं ते मी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

"दाजी, वरचं राहिलं की," संतोष म्हणाला.

"दिसतंय मला!" मी त्याच्यावर उगाच खेकसलो. स्वतःचाच राग आला होता. पॅकिंगला घेतलं. ओलं तैलचित्र कसं बांधतात ते सांगतो, पुढे लागणार आहे. त्याच मापाचा एक कोरा कॅनव्हास घ्यायचा, दोघांची तोंडं समोरासमोर ठेवायची आणि चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाच्या चकत्या घालायच्या. म्हणजे दोघांमधे जेमतेम अर्धा इंच फट राहते, आणि ओला रंग कशाला चिकटत नाही. वरून सुतळीने घट्ट बांधायचं. गाठ माझी मी मारतो, कारखान्यातली सवय, दुहेरी फास आणि वर एक आडवी. ते बांधून मागच्या लाकडी खणात उभं करून ठेवलं. पावणेएक झाला होता.

पोखरणला जेवलो. ढाब्यावरून पावणेदोनला घरी फोन लावला. मावशींनी उचलला.

"बरी हाय. जेवली. गॅलरीन बसलीय. देव का फोन?"

त्यांनी फोन नीलाच्या कानाला लावला. मी म्हटलं, "नीला? जेवलीस का?" पलीकडे नुसता श्वास. "अगं, जेवलीस का म्हणतो?" काहीच नाही. 'नको' सुद्धा नाही. अर्धा मिनिट वाट बघितली असेल. मग मी फोन ठेवून दिला. रागानेच ठेवला. समोर ताटात दाल थंड होत होती आणि मला वाटलं, बस झालं आता, मी यापुढे रोज फोन करणार नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आता लिहितोच आहे तर खरं लिहितो.

चार वाजता जैसलमेर. गाडी धर्मशाळेच्या अंगणात लावली, किल्ली माझ्या खिशात. सकाळी आठ वाजता स्टॉल लावायला घेतला. खणातून ती जोडी काढली. सुतळी तशीच, गाठ माझीच. सोडवली. वरचा कॅनव्हास उचलला.

आभाळ रंगवलेलं होतं.

मी खाली बसलो. खरंच, मांडी घालून जमिनीवर बसलो. संतोष पाइप घेऊन येत होता, त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी-बिणी आणलं. मी नुसतं बोट दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी... हे कवा केलं तुमी?"

मी केलं नव्हतं. पहिला संशय अर्थात त्याच्यावर. काय वाट्टेल ते बोललो त्याला, बायकोच्या आजारपणाची थट्टा करतोस का वगैरे. बिचारा रडायला आला. "अक्काची शपथ घेतो. मला साधी चांदणी काढाया येत नाही, दाजी!" आणि ते खरंच होतं. दुसरं म्हणजे, मी नीट बघितलं तेव्हा वरच्या दोन कोपऱ्यांत रुपयाएवढे दोन पांढरे गोल होते. बुचांच्या जागी. रंग त्यांच्या कडेपर्यंत आला होता, आत नव्हता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल. याचा अर्थ, रंग लागला तेव्हा बुचं जागेवर होती आणि जोडी बांधलेली होती. अर्ध्या इंचाच्या फटीत ब्रश जात नाही. समोरचा कॅनव्हास कोराच्या कोरा, साधा शिंतोडासुद्धा नाही.

रंग ओला होता. बोटाला लागला. नुसता निळा नव्हता तो, त्यात चिमूटभर विटकरी होता. निळ्यात चिमूटभर विटकरी घालायची खोड मला नाही, नीलाला आहे. माझ्या पेटीत विटकरी रंगाची ट्यूबच नव्हती.

पण हे तिचं नेहमीचं आभाळही नव्हतं. तिचा हात मी तेरा वर्षं बघितलाय. उजव्या हाताचा फटकारा खालून डावीकडून निघतो आणि वर उजवीकडे जातो. इथे सगळे फटकारे उलटे होते. आणि कापरे, पहिलीतल्या पोरासारखे. कुठे जाड, कुठे पुसट.

आणि ते आभाळ वाळवंटाचं नव्हतं. चहात जास्त दूध पडावं तसा रंग... धुळकट, खाली पिवळा, वर राखाडी. हिवाळ्यात खाडीवरून येणारं धुकं आणि डोंगराकडची धूळ मिसळली की आमच्या गॅलरीतून जे दिसतं ना, ते. नीलाला तो रंग अजिबात आवडायचा नाही, 'डबक्याचं पाणी' म्हणायची त्याला. त्यातून एक काळी तार तिरपी गेली होती, तीही ओळखीची. आमच्या बिल्डिंगवरून समोरच्या बिल्डिंगवर गेलेली केबलची तार. खाली राजस्थानच्या बकऱ्या आणि वर खांदेश्वरची केबल! तारेवर मधोमध लाल रंगाचा एक ठिपका होता, त्याला लोंबती शेपटी. पतंग. फाटका.

मी निघालो तेव्हा त्या तारेवर पतंग नव्हता. नक्की नव्हता. मी रोज सकाळी तिथे उभा राहून चहा पितो.

घरी फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला.

"मावशी, गॅलरीसमोरच्या तारेवर काही अडकलंय का?"

"काय?"

"तारेवर! केबलच्या!"

"अं... हां. पतंग हाय. लाल. परवापासना अडकलाय. का ओ दादा?"

"आणि काल दुपारी नीला काय करत होती?"

"काय करनार? गॅलरीन बसलेली. तो डावा हात हाय ना, तो असा असा हलवीत व्हती. मना वाटला माशा वारतेय. मी म्हनलं माशा तं नाय. बराच येल चालला व्हता. मंग तुमचा फोन आला, तवा थांबली."

मी फोन ठेवला.

तीन दिवसांचा मेळा मी तसाच काढला. ते चित्र टांगलं नाही, मागे खुर्चीवर ठेवलं. तरी एकाने वाकून बघितलंच, म्हणाला, आकाश अजीब है, पर अच्छा है, दोगे? मी नाही म्हटलं. संतोष त्या खुर्चीकडे पाठ करून बसायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला सांगितलं, बिकानेर नको, भुज नको, घरी चल. एरवी दहा प्रश्न विचारणारा माणूस, त्याने गुपचूप डिझेल भरलं. अडीच दिवस लागले घरी यायला. त्या सगळ्या रस्त्यात मला वाटत होतं की घरी पोचेन तेव्हा काहीतरी वाईट बघायला मिळणार.

तसं काही नव्हतं. नीला गॅलरीत खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल. मला बघून म्हणाली, "अगंबाई." तारेवर पतंग होता, आता अर्धाच उरलेला. चित्रातल्यापेक्षा फाटका.

आधी मी माळ्यावर चढून तिचा डबा काढला. सुतळी तशीच होती, झाकणावर धुळीचा थर. आतल्या ट्यूबा वर्षभरात घट्ट झालेल्या. कुणी हात लावलेला नव्हता.

मग चित्र सोडवून तिच्यासमोर धरलं. आता मघाशी राहिलेली एक गोष्ट सांगतो. त्या आभाळात एक जागा कोरी होती. उजव्या बाजूला, तारेच्या वर, तळहाताएवढी. बुचाचा गोल नव्हता तो. रंगवता रंगवता हात काढून घ्यावा तशी, एक फटकारा अर्ध्यावर तुटलेला आणि पुढे पांढरं.

नीलाने बराच वेळ बघितलं. बकऱ्यांकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. मग तिने डावा हात उचलला. मावशी म्हणाल्या तसाच, हळूहळू, हवेत हेलकावत. आणि बोट नेमकं त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. तिचे ओठ हलत होते, कपाळावर आठ्या पडल्या होत्या, कुणी जड काही उचलताना पडतात तशा. संतोष दारात उभा होता, मावशी हातात पातेलं धरून.

"तुमचा..." ती म्हणाली. "तुमचा फोन... आला. मग राहिलं."

चौदा महिन्यांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य. मी तिच्या गुडघ्यांशी बसून रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. ज्या फोनवर ती बोलली नाही म्हणून मी चिडलो होतो, त्या फोनच्या वेळी ती माझंच राहिलेलं काम करत होती आणि मी तिचा हात थांबवला होता... एवढंच डोक्यात येत होतं.

या गोष्टीला आता दोन महिने झालेत. डॉक्टरांना फक्त वाक्याचं सांगितलं, बाकीचं नाही. ते म्हणाले, होतं असं कधीकधी, चांगलं लक्षण आहे. शब्द येतायत थोडे थोडे. चिडते सुद्धा, म्हणजे बरी होतेय. चित्राबद्दल विचारलं की मात्र नुसती बघते, जसं काही मीच वेड्यासारखं विचारतोय. डाव्या हातात ब्रश दिला तर अजूनही 'नको'. पण आता खाली टाकत नाही, मांडीवर ठेवून घेते. कोरी जागा कोरीच आहे. मी ती भरणार नाही.

कारणं मीही शोधली. तेल, उष्णता, कुणाची तरी चावी, माझी स्वतःची विस्मृती... कारखान्यातल्या एका जुन्या मित्राला, केमिस्टला, चित्र दाखवलं. त्याने भिंग लावून बुचाचे गोल बघितले, चहा प्यायला आणि विषय बदलला. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा. फक्त 'भास झाला' म्हणू नका, तो भास आमच्या हॉलमधे टीव्हीच्या वर टांगलाय.

मला काही कळलेलं नाही आणि कळेलसं वाटतही नाही. एक सवय मात्र बदलली. सामानासाठी कधी महाप्याला, कधी दादरला जावं लागतं. दुपारी घरी फोन केला की मी नीलाला द्या म्हणत नाही. आधी मावशींना विचारतो, ती कामात आहे का?

सुरुवातीला मावशी हसायच्या, आता हसत नाहीत. म्हणतात, "थांबा दादा, बगून सांगते."